ओरखडा किती खोल?

तोडणीच्या दिवसांत संत्र्याच्या बगीच्यातून गाडी बाहेर काढली की दारावर एखादी तरी रेघ उमटलेली असते. संत्र्याच्या फांदीला काटे असतात, धुऱ्यावर बोरी-बाभळी असतात. पांढुर्णा-सौंसरकडच्या आतल्या रस्त्यांवर समोरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर आला, तर कडेच्या झुडपात शिरण्यावाचून उपाय नसतो. मग गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, पूर्ण दार मारून घ्या. बहुतेक वेळा हा सल्ला मानू नये, असं माझं ठाम मत आहे. दारावरचा कारखान्यातला रंग एकदा खरवडून काढला, की तसाच रंग पुन्हा चढवणं नागपूरच्या मोठ्या वर्कशॉपलाही जमत नाही.

त्याचं कारण रंगाच्या थरांमध्ये आहे. दाराचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावरचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. एवढ्याशा जाडीत चार-पाच थर बसवलेले असतात. पत्र्याला चिकटून फॉस्फेटच्या स्फटिकांचा एक अतिशय पातळ थर असतो. बऱ्याच कारखान्यांत तो जस्त, निकेल आणि मँगनीज या तीन धातूंच्या क्षारांपासून बनवतात. सौंसरच्या वाचकांना यातलं मँगनीज परकं नाही. या भागातल्या मँगनीजवाहक खडकांना भूशास्त्रात सौंसर समूह म्हणतात, आणि लुईस फर्मर या भूवैज्ञानिकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या सीतापारच्या एका खनिजाला त्या गावावरून सीतापाराइट असं नाव दिलं होतं. ते खनिज पुढे बिक्सबाइटच असल्याचं ठरलं. दाराच्या पोलादातही थोडं मँगनीज असतंच.

फॉस्फेटवर येतो विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर. गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात. रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात आणि कानाकोपऱ्यांत, जिथे फवारा पोहोचणार नाही तिथेही, सारख्या जाडीने बसतात. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांनी 1960च्या दशकात ही पद्धत व्यवहारात आणली. हा थर 160 ते 180 अंश सेल्सिअसला भाजून पक्का करतात. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि शेवटी 35 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक थर. तोही साधारण 140 अंशांना भाजला जातो. एवढी उष्णता तयार गाडीला देता येत नाही, कारण तोवर तिच्यात वायरी, रबर, काचा आणि प्लास्टिक बसलेलं असतं. म्हणून दुरुस्तीचा रंग हार्डनर मिसळून फार तर साठेक अंशांवर सुकवतात. तो चांगला असू शकतो, पण मूळ रंगाची बरोबरी करत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न हाच, की ओरखडा कोणत्या थरापर्यंत गेला आहे? दार धुऊन कोरडं करा आणि रेघेवर पाणी लावा. ओलं असेपर्यंत रेघ दिसेनाशी झाली, तर ती बहुधा वरच्या पारदर्शक थरातच आहे. त्या थराचा अपवर्तनांक सुमारे 1.5 असतो, हवेचा 1. रेघेच्या खडबडीत कडांवर हा फरक मोठा पडतो, प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रेघ पांढरी दिसते. पाण्याचा अपवर्तनांक 1.33. फटीत पाणी शिरलं की फरक घटतो, विखुरणं कमी होतं. दारावरची पांढरी रेघ पुष्कळदा रंग गेल्याची खूण नसतेच, तो फक्त वाट चुकलेला प्रकाश असतो. नख आडवं फिरवूनही अंदाज येतो. अडकलं, तर ओरखडा खोल आहे.

वरवरच्या रेघेला रबिंग पुरतं. रबिंग कंपाउंडमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखे बारीक कठीण कण असतात. ते रेघ भरत नाहीत, रेघेच्या आजूबाजूचा थर झिजवून कडा बोथट करतात. टूथपेस्टही तेच करते, फक्त दुबळेपणाने. पण प्रत्येक रबिंग त्या चाळीसेक मायक्रॉनमधून काहीतरी घेऊन जातं, आणि खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारी द्रव्यं मुख्यतः त्याच थरात असतात. आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्यावर उभी राहणारी गाडी दर दिवाळीला मशीनने चमकवून घेणं म्हणजे तिचं छत्र पातळ करणं आहे.

रेघेत पत्रा चमकला, तर मात्र दिरंगाई नको. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो शेजारचा चांगला रंगही खालून उचलतो आणि फोड पसरत जातात. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असेल, तर जस्त आधी झिजून लोखंडाला काही काळ वाचवतं. तो काळ हाताशी आहे तोवर रेघ साफ करून, प्रायमरचा ठिपका देऊन, गाडीच्या रंग-कोडचा टचअप बारीक ब्रशने भरावा. जवळून पाहिलं तर दुरुस्ती दिसेल, दिसू द्या. हाताशी काहीच नसेल तर नेलपॉलिशचा एक हातही चार दिवस पाणी अडवतो. त्यातलं नायट्रोसेल्युलोज 1920च्या दशकातल्या मोटारींच्या रंगातही असे. 1924च्या ओकलँड गाड्या ड्यूको नावाच्या अशाच रंगात आल्या आणि रंगकामाचे आठवडे वाचले.

दार चेपलं असेल, गंज पसरला असेल, तर फवारणीला पर्याय नाही. तिथे पेंटरचं कसब लागतं. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात. त्या किती आडव्या बसल्या यावर छटा ठरते, म्हणून कोड तोच असूनही दार शेजारच्या पत्र्याहून वेगळं दिसतं, आणि जाणकार पेंटर रंग शेजारच्या भागावर हळूहळू विरवत नेतो. उन्हाळ्यात थिनर इतक्या लवकर उडतो, की थेंब पसरण्याआधीच घट्ट होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत राहतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा लॅकरवर पांढुरकी छटा आणतो.

या कसबी माणसाच्या तब्येतीचा विचार गिऱ्हाईक सहसा करत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. भोपाळमध्ये 1984 साली जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. हार्डनरमधले रेणू त्याच्यापेक्षा जड असतात आणि सहज उडत नाहीत, पण फवाऱ्याच्या धुक्यातून ते फुफ्फुसात जातात. एकदा शरीर त्यांना संवेदनशील झालं, की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दम्याचा झटका येऊ शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. फवारणीसाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क सर्वांत सुरक्षित. दार मारून घेण्यावाचून गत्यंतर नसेल, तर दर ठरवण्याआधी गॅरेजमालकाला विचारा, पेंटरकडे असा मास्क आहे का? आणि त्यासाठी बिलात थोडे जास्त पैसे पडले, तर ते घासाघीस न करता द्या.