पतितांचीं पत्रें

ख्रिस्तावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याचें तारण पुढें त्याच्याच वर्तनानें नष्ट होऊं शकतें किंवा नाहीं, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रांतील फार जुना वाद होय. सामान्यतः तो सोळाव्या-सतराव्या शतकांतील समजला जातो. इ. स. १५४७ मध्यें त्रेंत येथील धर्मपरिषदेनें घोर पातकानें ईश्वरी कृपा नष्ट होते असें ठरविलें. १६१८-१९ मध्यें डॉर्ट येथील परिषदेनें उलट, ईश्वरानें निवडलेले जन कितीहि घसरले तरी समूळ पतित होत नाहींत, असा निर्णय दिला. पुढें जॉन वेस्ली यानें तो अमान्य केला. या विषयावर ग्रंथांचे डोंगर आहेत. त्यांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों तें त्याहून तेराशें वर्षांपूर्वींच्या एका प्रकरणाकडे. तेथें हा वाद लेखी दाखल्यांवरून पेटला, आणि त्या दाखल्यांपैकीं कांहीं आज प्रत्यक्ष पाहावयास मिळतात.

रोमचा बादशहा डेशियस इ. स. २४९ मध्यें गादीवर आला. त्यानें लौकरच हुकूम सोडला कीं, साम्राज्यांतील रहिवाशांनीं देवांस बळी अर्पावा, मद्याची धार ओतावी व नैवेद्य चाखावा. आणि हें केल्याचा दाखला नेमलेल्या पंचांकडून घ्यावा. या दाखल्यास लॅटिन भाषेंत लिबेलस म्हणजे छोटेखानी पत्र असें नांव होतें. सोळा शतकांवर त्याची माहिती केवळ ख्रिस्ती लेखकांच्या ग्रंथांवरून होती. १८९३ मध्यें फ्रिट्झ क्रेब्स या जर्मन पंडितानें बर्लिन येथील संग्रहांतील एक अस्सल लिबेलस प्रसिद्ध केला, आणि ग्रंथांतील उल्लेखास वस्तूचा आधार मिळाला.

हें पत्र पपायरसावर ग्रीक भाषेंत आहे. अर्जदार डायोजेनीस, वय ७२, उजव्या भुंवईवर वण, राहणार मिसर देशांतील फायूम प्रांताचें एक गांव. आपण देवांस नेहमींच बळी देत आलों व आतांहि पंचांसमक्ष दिला, तरी तशी साक्ष व्हावी, एवढाच मजकूर. खालीं सही आणि बादशहाच्या पहिल्या वर्षाची मिति, म्हणजे २६ जून २५०. पुढें अशीं आणखी पत्रें सांपडलीं. १९२३ मध्यें निफिंग यानें ४१ पत्रें एकत्र छापलीं, त्यांपैकीं ३४ एकट्या थिआडेल्फिया गांवचीं. त्यानंतर थोड्यांची भर पडली आहे. मिति आहेत त्या सर्व १२ जून ते १४ जुलै २५० या मुदतींतील. थिआडेल्फियाच्या पत्रांत अर्जाचें वळण निराळें व खालच्या सहीचें निराळें. सेरेनस व हर्मास या दोघां पंचांचीं नांवें पत्रामागून पत्रांत येतात. ज्यांनीं आपल्याकडील महजर व मुचलके हाताळले आहेत त्यांस हा प्रकार परका वाटणार नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. लिबेलस धारण करणारा प्रत्येक जण धर्मभ्रष्ट ख्रिस्तीच होता असें मानण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. या पत्रांतील एक अर्जदार पेटेसुखोस नांवाच्या मकरदेवाची पुजारीण आहे. ख्रिस्ती असण्याचा तिचा संभव नाहीं, तरी तिलाहि दाखला घ्यावा लागला. हुकूम सर्वांसाठीं होता. वृद्ध डायोजेनीस ख्रिस्ती होता कीं नव्हता हें त्याच्या पत्रावरून कोणीहि सांगूं शकणार नाहीं.

ख्रिस्ती मंडळींत मात्र या पत्रांनीं हाहाकार उडविला. जे हुकुमास वश झाले त्यांस लाप्सी, म्हणजे अक्षरशः पतित, हें नांव पडलें. त्यांतहि भेद होते: कोणीं बळी दिला, कोणीं नुसता धूप घातला, आणि कोणीं यांपैकीं कांहींच न करितां अधिकाऱ्यास पैसे चारून केवळ दाखला मिळविला. या तिसऱ्या वर्गाची बाजू कार्थेजचा बिशप सिप्रियन यानें आपल्या एका पत्रांत सविस्तर दिली आहे. असा मनुष्य म्हणे कीं, बळी देणें निषिद्ध आहे हें मी जाणून होतों, म्हणूनच द्रव्य देऊन सुटका करून घेतली; हें देखील पातक आहे हें मला आतां कळलें. त्याचा हात स्वच्छ, मुखहि स्वच्छ, मळलें तें मन.

अडचण अशी कीं, विकत घेतलेल्या दाखल्याचा व खऱ्या दाखल्याचा मजकूर एकच. दोन्हींत बळी दिल्याचेंच लिहिलेलें. आपण बनावट सनदा ओळखण्यांत आयुष्यें घालवितों. येथें सनद अस्सल, सही अस्सल, मिति अस्सल, आणि मजकूर मात्र खोटा. पत्र पाहून पाप मोजतां येईना. यासाठींच सिप्रियननें एकेका मनुष्याची स्वतंत्र चौकशी करण्याचा आग्रह धरिला.

इतक्यांत दुसऱ्या प्रकारचीं पत्रें निघालीं. छळांत न डगमगतां तुरुंगांत पडलेल्या ख्रिस्ती जनांस मोठा मान होता. ते पतितांस शांतिपत्रें देऊं लागले, कीं यांस पुनः पंक्तीस घ्यावें. रोमच्या सेलेरिनस यानें कार्थेजच्या ल्यूशियनला धाडलेलें पत्र सिप्रियनच्या पत्रसंग्रहांत राहिलें आहे. त्यांत दोन स्त्रियांसाठीं याचना आहे: कार्थेजहून आलेल्या ६५ जणांची त्यांनीं सेवा केली असून, त्यांपैकीं एकीनें तर बळी टळावा म्हणून द्रव्य दिलें होतें व ती अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती. हें पत्र वाचतांना धर्मशास्त्राचा वाद मागें पडतो आणि बहिणीसाठीं रडणारा एक मनुष्य पुढें उभा राहतो. पण शांतिपत्रांचा सुकाळ झाला. कांहींवर तर अमक्यास त्याच्या माणसांसह घ्यावें एवढेंच लिहिलेलें असे. माणसें किती व कोण याचा पत्ता नाहीं. सिप्रियननें यास हरकत घेतली. तो स्वतः छळाच्या वेळीं लपून राहिला होता, त्यामुळें हें बोलणें त्यास सोपें गेलें नसावें; पुढें २५८ मध्यें त्यानें शिरच्छेद पत्करला.

आतां मूळ प्रश्न. इब्री लोकांस पाठविलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत, एकदां प्रकाश पावून मग पतित झालेल्यांस पुनः पश्चात्तापाकडे आणणें अशक्य असें म्हटलें आहे. हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या ग्रंथांत मात्र बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची एक संधि दिली आहे. चौथ्या शतकांतील साइनाय येथील विख्यात पोथींत या ग्रंथाचा भाग नव्या कराराच्या शेवटीं जोडलेला आहे, यावरून त्याची मान्यता ध्यानांत यावी. इ. स. २५१ मध्यें कॉर्नेलियस रोमचा बिशप झाला तेव्हां नोव्हेशियन त्याचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहिला, आणि पतितांस मंडळींत परत घेऊं नये असें त्यानें प्रतिपादिलें. नोव्हेशियनपंथी वरील वचनाचा आधार घेत, म्हणून कित्येक ठिकाणीं तें इब्री पत्रच मंडळींत वाचीत नसत, असें चौथ्या शतकांतील फिलास्ट्रियस नमूद करितो.

नोव्हेशियनच्या मतें पतितांचें तारण कायमचें गेलें, असें पुष्कळ लेखक लिहितात. आमच्या मतें हें बरोबर नाहीं. तो पतितांस पश्चात्ताप करा असें सांगे. सिप्रियनचा आक्षेपच हा आहे कीं, अश्रु ढाळावयास सांगावयाचें आणि त्यांचें फळ द्यावयाचें नाहीं, हें कसलें औषध? नोव्हेशियनचें म्हणणें इतकेंच कीं, क्षमा ईश्वराच्या हातीं आहे, मंडळीच्या नव्हे. म्हणजे तारण गेलें कीं राहिलें यापेक्षां, तें राहिलें असें म्हणून पंक्तीस घेण्याचा अधिकार कोणास, हा वादाचा खरा गाभा. धर्मशास्त्र शिकलेल्यांस देवलस्मृतींतील प्रायश्चित्तप्रकरण येथें आठवेल. म्लेंच्छांनीं बळानें भ्रष्ट केलेल्यांच्या शुद्धीचा विचार तेथेंहि काळ व कर्म पाहून केला आहे.

कार्थेजच्या २५१ मधील परिषदेनें मध्यम मार्ग काढला. केवळ दाखला घेणारांस चौकशीअंतीं परत घ्यावें, बळी देणारांस मरणसमयीं. पुढें गॅलसच्या कारकीर्दींत नव्या छळाची चाहूल लागतांच ४२ बिशपांनीं बळी देऊन पश्चात्ताप करीत राहिलेल्यांसहि द्वार उघडलें. निःशस्त्र मनुष्यास रणांत कसें धाडावें, हें त्यांचें कारण. ३२५ मध्यें निकीया येथील परिषदेनें लिसिनियसच्या वेळच्या पतितांस बारा वर्षांचें प्रायश्चित्त ठरविलें: तीन वर्षें श्रोते, सात वर्षें साष्टांग, दोन वर्षें प्रार्थनेंत सहभागी पण प्रभुभोजनावांचून.

त्याच परिषदेची एक आख्यायिका इतिहासकार सॉक्रटीस सांगतो. अकेसियस या नोव्हेशियनपंथी बिशपास बादशहा कॉन्स्टंटाइननें विचारलें कीं, सर्व मान्य असतां तुम्ही निराळे कां? त्यानें डेशियसच्या छळापासूनची हकीकत सांगून, घोर पातक्यानें क्षमेची आशा याजकाकडून न धरतां ईश्वराकडून धरावी, असें उत्तर दिलें. तेव्हां बादशहा म्हणाला, मग शिडी लावून एकटेच स्वर्गांत चढा. ही कथा सॉक्रटीसनें वृद्ध ऑक्सॅनोनकडून ऐकली, आणि तो स्वतः नोव्हेशियन पंथाचा याजक असून अकेसियसबरोबर त्या परिषदेस गेला होता. आपल्याच पंथावरील हा टोला त्यानें गाळला नाहीं, यास्तव ती अगदींच टाकाऊ आहे असें आम्हांस वाटत नाहीं.