आधी बिनखर्चाचं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखानदारापुढे बसून 'फायरवॉल' म्हटलं, की तो मान डोलावतो आणि चहा सांगतो. विषय तिथेच संपतो. माणूस अडाणी नसतो. सुताचा काउंट, कंटेनरचं भाडं, डॉलरचा भाव त्याला तोंडपाठ असतो. म्हणून मी लॅपटॉप बाहेर काढतच नाही. ई-मेलच्या दोन छापील प्रती टेबलावर ठेवतो.

"अण्णा, यातला आपल्या कंपनीचा मेल कुठला?"

अण्णा चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेतात. दोन्ही सारखेच. मग अकाउंटंटला हाक जाते. एका पत्त्यात इंग्रजी 'एम' आहे, दुसऱ्यात 'आर' आणि 'एन' चिकटून बसलेत. या दुसऱ्या पत्त्यावरून परदेशी पार्टीला 'आमचं बँक खातं बदललंय' एवढंच कळवलं, की माल इथून जातो आणि पैसे भलतीकडे जमा होतात.

"मग बुडाले कुणाचे? त्यांचे की आमचे?"

याच प्रश्नाची मी वाट बघत असतो. पार्टी म्हणणार, आम्ही भरले. अण्णा म्हणणार, मला मिळाले नाहीत. वाद मिटेल तेव्हा मिटेल, पुढची ऑर्डर हातची जाते. इथे पहिली मागणी बिनखर्चाची करतो: खातं बदलल्याचा मेल आला तर आमच्या जुन्याच नंबरवर फोन करा, हे पार्टीला आजच कळवा. मेलला ओटीपी लावा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन.

सहकारी बँकेच्या संचालकांपुढे कागद वेगळा. तिथे पुण्याची कॉसमॉस बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. 'मालवेअर' म्हटलं की संचालक घड्याळ बघतात. "पैसे द्यायचे का, हे बँकेला विचारलंच गेलं नाही, मधेच बसवलेल्या खोट्या यंत्रणेनं 'द्या' म्हटलं," असं सांगितलं की खुर्च्या पुढे सरकतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना संचालक मंडळाच्या मंजुरीचं सायबर सुरक्षा धोरण करायला सांगितलं. म्हणजे सही आयटीवाल्याची चालत नाही.

नुसती भीती घालणं मला पटत नाही. ती आठवडाभर टिकते. कारखान्यातही बॅकअपचं कोटेशन मी शेवटी काढतो, आणि 'सर्व्हर बंद पडला तर डिस्पॅच किती दिवस थांबेल?' याचं उत्तर अण्णांकडूनच त्यावर लिहून घेतो. मग घासाघीस सुरू होते.




"क्लाउड राहू दे. हार्डडिस्क केवढ्याला पडेल?"

"दोन घ्या अण्णा. एक कायम मशीनपासून काढून ठेवायची."