टप कापलेली मोटार

पुलगावच्या एका विज्ञान शिक्षकांनी आम्हाला विचारलेल्या प्रश्नातून हा लेख निघाला. वरातीसाठी उघडी गाडी हवी म्हणून गावातल्या एका गॅरेजने जुन्या फियाटचा टप कापून काढला. गाडीला नवा रंग दिला, फुलांच्या माळा सोडल्या. नवरदेव-नवरी आणि दोन करवल्या मागे बसल्या आणि दारे अशी घट्ट बसली की उघडेनात. सगळी उतरली, की दारे आपोआप सैल! गुरुजींचा प्रश्न असा: "जीप जन्मभर टपाशिवाय धावते, मग फियाटनेच काय घोडे मारले?"

उत्तर गाडीच्या हाडांत आहे. जीपच्या खाली शिडीसारखी पोलादी चौकट असते: दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, चाके, बसण्याची जागा हे सारे त्या शिडीवर बसवलेले. टप म्हणजे नुसती छत्री. ती काढली तरी शिडीचे काही बिघडत नाही. फियाट ११०० म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी (मुंबईत कुर्ल्याला पूर्वी तयार होत असलेली) हिच्यात अशी शिडीच नाही. तळ, बाजू, खांब आणि टप यांचे पत्रे एकमेकांना वेल्ड करून झालेली पेटी हाच तिचा सांगाडा. अंड्याला जसा आत सांगाडा नसतो, कवचच सगळा भार घेते, तसे. या रचनेला 'मोनोकॉक' म्हणतात. तिच्यात टप हाही भार घेणारा अवयव असतो.

बुटांचा एक रिकामा खोका घ्या. झाकण काढा आणि दोन टोके दोन हातांत धरून उलटसुलट पिळा. सहज पिळतो. आता वरचे तोंड पाहा: आयताचा तिरपा चौकोन होतो आहे. झाकण बसवून चारही कडांना चिकटपट्टी लावा आणि पुन्हा पिळा. खोका हलत नाही, कारण झाकणाचा कागद त्या आयताला तिरपे होऊ देत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी याचे गणितही करावे. पातळ पत्र्याच्या बंद नळीला लांबीभर चीर दिली, तर पीळ सोसण्याची तिची ताठरता ३ × (त्रिज्या ÷ जाडी)² इतक्या पटीने घटते. ५ सेंटिमीटर व्यासाच्या, १ मिलिमीटर जाडीच्या नळीसाठी हा आकडा येतो १,८७५! पोलाद तेवढेच, वजन तेवढेच, फक्त एक चीर.

पुलगावची दारे मात्र पिळामुळे नव्हे, वाकण्यामुळे अडकली. लाकडी फूटपट्टी आडवी धरली तर वाकते, उभ्या कडेवर धरली तर वाकत नाही. उंची वाढली की ताठरता झपाट्याने वाढते. टपासह गाडीची बाजू ही तळापासून टपापर्यंत उंच अशी तुळई आहे. टप कापला की उरते फक्त दाराखालची, उंबऱ्यासारखी वीतभर उंचीची पोकळ पट्टी. चाके दोन टोकांना, माणसे मध्ये. पट्टी मध्ये झुकली, पुढचे-मागचे खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे कलले आणि दार त्यांच्यात चिमटले.

हाच पेच फ्रान्समधल्या सित्रोएन कंपनीपुढे १९३४ मध्ये होता. त्या वर्षी तिने 'ट्रॅक्सियों आवां' ही मोटार आणली. नावाचा अर्थच पुढून ओढणारी. आंद्रे लफेव्र हे तिचे अभियंते, तर बाह्यरूप इटालियन शिल्पकार फ्लामिनिओ बेर्तोनी यांचे. इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना दिल्याने मागे जाणारा दांडा नाहीसा झाला, तळ सपाट झाला आणि गाडी बुटकी झाली. पेटीसारखा सांगाडा करण्याचे तंत्र अमेरिकेतल्या बड कंपनीकडून आले होते. ही पेटी किती मजबूत हे दाखवण्यासाठी कंपनीने एक गाडी कड्यावरून ढकलून दिली होती म्हणतात. जाहिरातबाजीत आंद्रे सित्रोएन यांचा हात धरणारा कोणी नव्हता. (खर्चातही नव्हता. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीचे दिवाळे निघाले आणि ती मिशेलिनकडे गेली. सित्रोएन १९३५ मध्ये वारले.) गाडी मात्र १९५७ पर्यंत निघत राहिली, साडेसात लाखांच्या वर. तिची उघडी आवृत्तीही निघाली, पण युद्धानंतर कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली नाही.

खरा सुंदर तोडगा निघाला पुढच्या गाडीत. ५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनने 'डी. एस.' दाखवली. फ्रेंच उच्चार 'देएस', म्हणजे देवी. पहिल्याच दिवशी सुमारे १२ हजार मागण्या नोंदल्या गेल्या. लोकांना भुरळ पडली ती तिच्या माशासारख्या अंगाची आणि वायू व तेलावर तरंगणाऱ्या बैठकीची. आम्हाला अधिक मोलाचा वाटतो तो तिचा सांगाडा. दोन्ही बाजूंना दारांखाली रुंद, बंद, पेटीसारखे उंबरे. त्यांना जोडणारा तळ. वर खांबांचा हलका पिंजरा. बाहेरचे पत्रे त्यावर नुसते बोल्टांनी अडकवलेले. मागचे चाक बदलायचे तर एक बोल्ट काढून चाकावरचा पत्राच उतरवत! सुरुवातीच्या गाड्यांचा टप तर काचतंतूंचा होता. म्हणजे टपाच्या पत्र्याकडे भार सोपवलेलाच नव्हता.

हे हेरले आंरी शाप्रों या पॅरिसजवळच्या मोटारीचे अंग घडवणाऱ्या कारागिराने. १९५८ मध्ये त्याने डी. एस.ची पहिली उघडी गाडी केली. पुढे सित्रोएननेच ती आपल्या यादीत घेतली आणि शाप्रोंच्या कारखान्यात १९७१ पर्यंत अशा तेराशेंवर गाड्या झाल्या. साडेचौदा लाख डी. एस.मध्ये या मूठभरच! दारे चाराऐवजी दोन. पण लक्षात घेण्याजोगे म्हणजे, एवढा चांगला तळ असूनही तो तसाच वापरला नाही. पिंजऱ्याचे वरचे दांडे गेले, तेव्हा त्यांचे काम कोणीतरी करायला हवे. म्हणून बाजूचे उंबरे आणि मागच्या चाकांच्या भुजा जिथे बसतात ती पेटी आणखी भक्कम केली. टप नसलेली मोटार टपाच्या मोटारीपेक्षा बहुधा जड भरते, ती यामुळेच.

आता पुन्हा पुलगावला. दारांची तक्रार आल्यावर गॅरेजवाल्याने मागची दोन्ही दारे कायमची वेल्ड करून टाकली आणि नवरानवरीला वरून चढवू लागला. गंमत अशी की नकळत त्याने शास्त्रशुद्ध उपायच केला होता. वेल्ड केलेले दार म्हणजे वीतभर उंचीच्या तुळईला मिळालेली हातभर उंची. पण पुढची दारे तशीच राहिली. आमच्या सूचनेवरून गुरुजींनी दाराखालची पट्टी खालून पेचकसाने टोचून पाहिली, तर पत्र्यातून पेचकस आरपार गेला. वर्षानुवर्षे पावसाचे पाणी आणि चिखल आत साचून गंज चढला होता. टप असता तर त्या गंजाने इतके भागले असते. आता मात्र चार माणसांचा आणि इंजिनाचा सगळा भार त्याच चाळणीवर होता. कंपनीने दिलेल्या रचनेत असा मूलभूत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, हेही त्यांनी मालकाला सांगितले. मालकाला कायद्यापेक्षा पेचकसाचे भोक अधिक पटले. ती फियाट आता गॅरेजच्या मागे निंबाखाली उभी आहे आणि वरातीला जीप जाते.