डबीत आलेलं अपेंडिक्स

भातलावणीच्या दिवसांत मावळात पोटदुखी अंगावर काढली जाते. आंदर मावळातली बाई उजव्या कुशीत कळ आली तरी ओवा चावते आणि खाचर पुरं करते. दवाखान्यात पोचते तेव्हा अंगात ताप असतो. पोट दाबून हात सोडला की ती कळवळते. अपेंडिक्सला सूज, हेच निदान आधी होतं आणि बहुतेकदा ते बरोबर असतं.

मी पॅथॉलॉजिस्ट. माझं काम शस्त्रक्रियेनंतर सुरू होतं. लोणावळ्या-वडगावाकडून फॉर्मॅलिनच्या डब्या येतात. सुजलेलं अपेंडिक्स लालसर, पुवाने माखलेलं असतं. क्वचित मात्र डबीतून फुगलेलं, पांढरट, गुळगुळीत काही निघतं आणि हात आपोआप थबकतो. हे म्यूकोसील, आत बुळबुळीत श्लेष्मा साचलेला. रोकिटान्स्की या पॅथॉलॉजिस्टने १८४२ मध्ये याचं वर्णन केलं. हजार अपेंडिक्समागे जेमतेम दोन-तीन. दुखणं मात्र अनेकदा हुबेहूब नेहमीच्या अपेंडिक्सचं. निरोगी अपेंडिक्सची जाडी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत. सोनोग्राफीत ती १५ च्या वर गेली आणि आत कांद्यासारखे पापुद्रे दिसले, तर सर्जन आधीच सावध होतात आणि ते न फोडता पिशवीत घालून बाहेर काढतात.

अशा वेळी मी लगेच सुरी लावत नाही. सगळीकडून फिरवून पाहते, कुठे भोक आहे का, बाहेर चिकट थेंब आहे का. कापलेल्या कडेला शाई लावते. मग आडवे छेद. घट्ट, पारदर्शक श्लेष्मा सुरीबरोबर ओढला जातो. एरवी दोन-तीन तुकडे पुरतात, इथे अख्खं अपेंडिक्स तपासायचं. अल्कोहोल, झायलीन, मेण, मग मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप. घाई केली तर नेमकी हवी ती जागा निसटते.

शोधायचं असतं ते हे : श्लेष्मा भिंतीच्या आतच आहे का, आणि बाहेर आला असेल तर त्यात पेशी आहेत का. नुसतं तोंड बुजून साचला असेल, तर अपेंडिक्स काढलं की प्रश्न मिटला. पण अस्तरातच गाठ असेल आणि ती फुटली असेल, तर त्या पेशी पोटभर पसरून वर्षानुवर्षं श्लेष्मा बनवत राहतात. त्याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय म्हणतात. त्याची शस्त्रक्रिया तासन्‌तास चालते आणि मोठ्या केंद्रातच होते.

टाके निघाले की बरेच जण रिपोर्टकडे फिरकत नाहीत. काही ठिकाणी तर खर्च वाचवायला अपेंडिक्स तपासणीला पाठवतच नाहीत. तुमच्या घरात कुणाचं अपेंडिक्स काढलं, तर ते तपासायला गेलं का, हे विचारा. आणि रिपोर्ट हातात आला की तो सर्जनला दाखवा.