कोणता मासा कोणाबरोबर? मोठ्या समुद्री टँकमधलं सहजीवन



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला जिन्यात गाठलं. म्हणाला, "सर, सहा फुटी समुद्री टँक घेतलाय. एकमेकांशी पटणाऱ्या माशांची यादी द्या ना." आम्ही म्हटलं, यादी देऊ, पण आधी तासभर ऐकावं लागेल. तो तास आज आहे. ज्यांच्या घरी टँक नाही त्यांनीही बसायला हरकत नाही. शेजारी तर सगळ्यांनाच असतात.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली. मत्स्यशास्त्र हे काही आमचं क्षेत्र नव्हे. पण निवृत्तीनंतर हा नाद लागला, आणि त्यात आमच्या हातून एक चूक घडली. त्या चुकीपासूनच सुरुवात करू या.

आमचा टँक ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच. गणित केलं तर जवळजवळ ६८० लिटर. आत दगड असल्यामुळे पाणी त्याहून थोडं कमी मावतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे टँक एकदा भरायला वीस-बावीस किलो मीठ लागतं. हे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. मत्स्यालयासाठी वेगळं मिश्रण मिळतं, ते आरओच्या पाण्यात कालवायचं. मग महिना-दीड महिना टँक माशांविना चालवायचा. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांना विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. या जिवाणूंची वस्ती बसायला वेळ लागतो, आणि त्यांच्या पोटासाठी सुरुवातीला थोडा अमोनियाही आपणच घालावा लागतो.

हे सगळं आम्ही पोथीप्रमाणे केलं. मग दोन क्लाउनफिश आणले आणि लगेच एक पिवळा टँग. हवाईच्या समुद्रातला हा मासा बशीसारखा चपटा आणि हळदीसारखा पिवळाधमक असतो. दिवसभर दगडांवरचं शेवाळ चरत हिंडतो. याच्या घराण्याला सर्जनफिश म्हणतात, कारण शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा धारदार काटा असतो.

तीन महिने छान गेले. मग आम्हाला वाटू लागलं, बिचारा एकटाच फिरतो. समुद्रात हे मासे थव्याने चरताना दिसतात, मग याला सोबत का नको? म्हणून आम्ही दुसरा पिवळा टँग आणला, थोडा लहान. पाण्यात सोडल्यावर तासाभरात पहिल्याने त्याला कोपऱ्यात दाबलं. नवा मासा पंपाच्या मागे लपायचा, खायला बाहेर आला की मार खायचा. नवव्या दिवशी तो मेलेला सापडला. अंगावर काट्याचे आडवे वार होते. आमच्या मंडळींनी एवढंच विचारलं, "अहो, तुम्ही त्याला सोबत आणलीत की वैरी?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आम्हाला बराच काळ लागला. आज ते तुमच्यापुढे ठेवतो.

'पटणारे मासे' म्हटलं की आपल्या डोक्यात पत्रिका जुळवणं असतं. गुण जितके जास्त जुळतील तितकं स्थळ चांगलं. टँकमध्ये नेमकं उलटं होतं. माशांच्या पत्रिकेत छत्तीस गुण जुळले की छत्तीसचा आकडा ठरलेला! (हशा) आकार तोच, रंग तोच, खाणं तेच, लपायची जागा तीच. म्हणजे प्रत्येक गोष्टीत तो प्रतिस्पर्धी.

ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांचं या बाबतीत नाव घ्यावंच लागतं. १९७३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आमच्या दृष्टीने आणखी एक गंमत म्हणजे १९४० मध्ये ते कोनिग्सबर्गला प्राध्यापक झाले, म्हणजे कांट जिथे शिकवत असे त्याच विद्यापीठात. आक्रमकतेवरचं त्यांचं १९६३ चं पुस्तक सुरू होतं ते प्रवाळातल्या माशांपासून. समुद्रात आणि आपल्या टँकमध्येही त्यांना दिसलं की हे मासे परक्या जातीच्या माशांपेक्षा स्वजातीयांवर कितीतरी जास्त तुटून पडतात. त्यांचा तर्क असा, की यामुळे एका जातीचे मासे खडकावर पांगून राहतात आणि प्रत्येकाला पोटापुरतं मिळतं. भडक रंग म्हणजे त्यांच्या मते 'ही जागा घेतलेली आहे' अशी पाटी. रंगांचं हे स्पष्टीकरण पुढच्या अभ्यासकांना जसंच्या तसं पटलेलं नाही. रंगांचे इतरही उपयोग असतात. पण स्वजातीयांशी वैर ही गोष्ट टँक ठेवणारा कुणीही डोळ्यांनी पाहू शकतो. आणि हेही सांगायला हवं की लॉरेन्झ १९३८ मध्ये नाझी पक्षात गेले होते. म्हणून माशांवरून माणसांबद्दल निष्कर्ष काढताना आम्ही दोनदा थांबतो.

त्यापेक्षा उलटं करू. माणसांवरून मासे समजून घेऊ. जुन्या वाड्यात नळ एकच असायचा. भांडणं कुणाची व्हायची? सकाळी सहाला हंडा घेऊन येणाऱ्या दोघींची. रात्रपाळी करून दुपारी पाणी भरणाऱ्याशी कुणाचं वाकडं नसायचं. स्वभाव सगळ्यांचे सारखेच होते. प्रश्न होता एकाच नळाचा आणि एकाच वेळेचा. तेव्हा 'कोणता मासा शांत आहे' या प्रश्नाने काम भागत नाही. 'या दोघांना एकच गोष्ट हवी आहे का, आणि ती दोघांना पुरेल का' असं विचारावं लागतं.

यातून चार प्रश्न निघतात. मासा घेण्यापूर्वी ते क्रमाने विचारायचे.

पहिला प्रश्न: एकाच्या तोंडात दुसरा मावतो का? लायनफिश दिसायला राजबिंडा आणि चालीने संथ, पण तोंडात मावेल तो मासा गिळतो. यात वैर नाही, ते त्याचं जेवण आहे. हिशेब मात्र पूर्ण वाढलेल्या माशाचा धरायचा. एम्परर एंजलफिशचं पिल्लू दुकानात दोन-तीन इंचांचं असतं, गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं. मोठा झाला की अंगावर पिवळे पट्टे येतात आणि लांबी ४० सेंटिमीटरपर्यंत जाते. पिल्लाचा वेष इतका निराळा का? एक स्पष्टीकरण असं, की त्यामुळे प्रौढ मासा त्याला प्रतिस्पर्धी समजत नाही.

दुसरा प्रश्न: दोघांचा नळ एकच आहे का? टँग दिवसभर शेवाळ चरतो, म्हणून दुसरा चरणारा मासा त्याला खुपतो, विशेषतः त्याच घडणीचा असेल तर. कार्डिनलफिश प्रामुख्याने रात्री सक्रिय असतो, गोबी तळाच्या वाळूत राहतो. त्यांच्याकडे टँग ढुंकूनही पाहत नाही. सहा फुटी टँकमध्ये वर, मध्ये आणि तळाशी असे तीन मजले असतात. बिऱ्हाडं तिन्ही मजल्यांवर वाटून द्यायची.

तिसरा प्रश्न: दोघांच्या जेवणाचा वेग सारखा आहे का? इथे मारामारी होत नाही, म्हणून ही विसंगती लवकर ध्यानात येत नाही. मँडरिनफिश दगडावरचे बारीक कवचधारी जीव एकेक टिपत बसतो. नव्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात, आणि चपळ मासे असले तर उरलेलेही तेच खातात. कुणीही बोट न लावता तो उपाशी मरतो. समुद्री घोड्यांचंही तसंच. आपल्याकडे तर समुद्री घोडे आणि प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. समुद्रातून आणलेले कुणी विकत असेल, तर घेऊ नका.

चौथा प्रश्न: आधी कोण आलं? हा आम्ही विचारलाच नव्हता. जो आधी येतो त्याला सगळा टँक आपला वाटतो. म्हणून बुजरे मासे आधी सोडायचे आणि दांडगे शेवटी. डॅमसेलफिश स्वस्त आणि काटक असतो म्हणून पुष्कळजण त्याच्यापासून सुरुवात करतात, मग तो पुढच्या प्रत्येक पाहुण्याला हाकलतो. नवा मासा आणला की आधी निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवायचा, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सर्जनफिशना चटकन होतो. मुख्य टँकमध्ये नेताना दगडांची मांडणी बदलायची, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात. नव्याला काही दिवस आत पारदर्शक जाळीदार डब्यात ठेवायचं. काचेला बाहेरून आरसा लावायचीही एक युक्ती आहे. जुना टँग त्यात स्वतःचंच प्रतिबिंब पाहून त्याच्याशी भांडत राहतो आणि नव्याला थोडी उसंत मिळते. तत्त्वज्ञानाच्या मास्तरला यावर तासभर बोलता येईल, पण आवरतो. (हशा)

आता काही जण म्हणतील, सर, जोड्या असतातच की! असतात. पण त्या कशावर टिकतात ते पाहा. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात, त्यातला सर्वांत मोठा मादी होतो. म्हणून दोन लहान क्लाउनफिश आणले की सहसा त्यांची जोडी बनते. दोघांच्या जागा वेगळ्या झाल्या म्हणून ते निभतं. तिसऱ्याला जागाच नसते, त्याला मार बसतो. आणखी सुरेख उदाहरण वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबीचं. कोळंबी वाळूत बीळ खणते, पण तिची नजर अधू. गोबीला नीट दिसतं, पण खणता येत नाही. तो दाराशी पहारा देतो, ती आपली मिशी त्याच्या अंगाला लावून काम करते. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघंही आत. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे, म्हणून हा संसार चालतो.

आता कबूल केलेली यादी. सहा फुटी टँकसाठी, सोडायच्या क्रमाने: पिस्तूल कोळंबी आणि वॉचमन गोबी, एक फायरफिश, बंगाई कार्डिनलची जोडी, क्लाउनफिशची जोडी, मग एक छोट्या जातीचा एंजलफिश, आणि सगळ्यात शेवटी एकच टँग. टँकला वर जाळीचं झाकण हवंच, घाबरला की फायरफिश बाहेर उडी मारतो. बंगाई कार्डिनल इंडोनेशियातल्या मोजक्या बेटांभोवतीच सापडतो आणि समुद्रात आता तो संकटात आहे. म्हणून तो आणि क्लाउनफिश टँकमध्येच पैदास झालेले मागून घ्या. पिवळ्या टँगची पैदासही २०१५ मध्ये हवाईत पहिल्यांदा यशस्वी झाली. ही यादी सात-आठ माशांवरच संपते. दुकानात उभं राहिल्यावर हा आकडा फार लहान वाटतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

आता आमच्या मंडळींच्या प्रश्नाकडे परत येऊ. समुद्रात पिवळे टँग एकत्र दिसतात हे खरंच होतं. पण समुद्रात हाकललेला मासा दहा-वीस फूट पुढे जातो आणि प्रकरण तिथेच मिटतं. भांडण तिथेही आहे, पण निघून जाण्याची वाट आहे. आम्ही त्या दुसऱ्या माशाला काचेत आणलं तेव्हा ती वाट बंद केली, आणि त्या बदल्यात काय द्यायचं याचा विचार केला नाही. त्याला मारलं पहिल्या टँगने, असं आम्ही बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. त्या टँगला दुसरं काही करता आलं नसतं. आम्हाला आलं असतं. शेजारी निवडण्याची मुभा माशांकडून काढून घेतली की ती जबाबदारी आपल्यावर येते, आणि 'मला त्याच्याकडे बघून वाईट वाटलं' एवढ्याने ती पार पडत नाही. त्याला काय हवं आहे ते माहीत करून घ्यावं लागतं.

आमच्या टँकमध्ये आज पिवळा टँग एकच आहे, तोच जुना. सकाळी दिवा लावला की दगडावरून चरत निघतो. त्याच्याकडे बघून आम्हाला अजूनही कधीकधी वाटतं की बिचारा एकटा आहे. पण आता आम्ही दुकानात जात नाही. चहा घेतो आणि बघत बसतो.

जिन्यात भेटलेले ते गृहस्थ मागे बसलेले दिसतायत. कागद-पेन्सिल आणली असेल, तर यादीच्या वर हे चार प्रश्न लिहून घ्या. आता तुम्ही विचारा.