कमी धावलेली पोर्शे: पुसावी किती, चालवावी किती

जर्मनीत काही मोटारींच्या नंबरपाटीच्या उजव्या कडेला एकाखाली एक असे दोन लहान आकडे दिसतात. वर ०४, खाली १०. याचा अर्थ असा, की ही गाडी एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच रस्त्यावर येऊ शकते. उरलेले पाच महिने तिने खासगी जागेत उभे राहायचे. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ हा जुन्या पत्र्याचा काळच. म्हणून जपून ठेवलेल्या गाड्यांचे मालक ही हंगामी पाटी आवर्जून घेतात.

श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे अशा पाटीची १९८८ सालची पोर्शे ९११ कॅरेरा आहे. रंग तांबडा. कंपनीच्या जर्मन रंगसूचीत या रंगाचे नाव 'इंडिशरोट', म्हणजे 'भारतीय तांबडा'. इंग्रजी भाषक देशांत तोच रंग 'गार्ड्स रेड' म्हणून विकला गेला. मूळच्या पुणेकर असलेल्या या अभियंत्याला गाडी घ्यायला एवढे कारण पुरले, असे तो गमतीने सांगतो. खरे कारण दुसरे होते. २०२१ मध्ये त्याने ती घेतली तेव्हा तिचा एकूण प्रवास अवघा एकतीस हजार किलोमीटर झाला होता. तेहतीस वर्षांत एवढाच.

परदेशात स्थिरावल्यावर, मुले मोठी झाल्यावर, अशी एखादी गाडी घेण्याचा विचार आपल्यापैकी अनेकांच्या मनात डोकावून जातो. लहानपणी भिंतीवर लावलेले चित्र आता आवाक्यात आलेले असते. त्या वेळी जाहिरातीतील सर्वांत मोहक शब्द असतात ते 'कमी धावलेली' हे. या शब्दांत नेमके काय दडलेले असते आणि अशी गाडी हाती आल्यावर तिची निगा कशी राखायची, हे त्या मित्राच्या गाडीच्या आधाराने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम त्या आकड्याविषयी. ऐंशीच्या दशकातील ९११ च्या किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रातील प्लॅस्टिकचे चिमुकले दंतचक्र वयोमानाने तडकते, हा या गाडीचा सर्वज्ञात दोष आहे. चक्र तुटले की वेग दाखवणारा काटा व्यवस्थित हलतो, पण किलोमीटर पुढे सरकत नाहीत. त्यामुळे आकडा लहान असणे हा पुरावा नव्हे, दावा आहे. तो पडताळायचा तर सर्व्हिस पुस्तिकेतील शिक्के, जुन्या तपासणी अहवालांवर नोंदलेले किलोमीटर, पेडलवरील रबराची झीज आणि चालकाच्या आसनाची दाराकडची कड एकमेकांशी जुळवून पाहावी लागते. पुढच्या झाकणाखाली चिकटवलेल्या कागदावर कारखान्यात बसवलेल्या जादा सोयींचे सांकेतिक क्रमांक असतात. तेही ताडून पाहावेत. मित्राच्या गाडीत हे सारे जुळत होते.

तरीही पहिला हिवाळा मेकॅनिककडे गेला. आधीच्या वयोवृद्ध मालकाने शेवटची नऊ वर्षे गाडी बाहेर काढलीच नव्हती. अगदी सोवळ्यात ठेवली होती म्हणा ना. रंगात चेहरा दिसावा अशी चकाकी, आणि खाली ब्रेकच्या कॅलिपरमधील पिस्टन जागच्या जागी घट्ट बसलेले. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि तोच ओलावा आतून धातू खातो. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे असते, मग गाडी एक किलोमीटरही धावलेली नसो. टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा गोंद झाला होता. इंधनाच्या रबरी नळ्या नखाने दाबल्या तर भेगाळत होत्या. टायरांवरील खाचा जवळजवळ नव्यासारख्या खोल, पण बाजूवर कोरलेल्या उत्पादनाच्या संकेतात तीनच अंक होते. २००० सालापासून हा संकेत चार अंकी झाला, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीन अंक म्हणजे ते टायर गेल्या शतकातले.

आपल्याकडे जुनी पैठणी ट्रंकेत ठेवून विसरली की ती घडीवरच विरते. म्हणून घरातली जाणती बाई अधूनमधून ती बाहेर काढून, घडी मोडून, वेगळी घडी घालून ठेवते. मोटारीचेही तसेच आहे. न वापरण्याने होणारी झीज किलोमीटरमध्ये मोजली जात नाही एवढेच.

आता स्वच्छतेकडे वळू. इथे उत्साहाने होणारे नुकसान दुर्लक्षाने होणाऱ्या नुकसानापेक्षा अनेकदा अधिक असते. कारखान्यातून निघालेल्या मोटारीवरील रंगाची एकूण जाडी, प्रायमर धरून, साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. मशीनने केलेल्या प्रत्येक पॉलिशमध्ये या थरातील काही मायक्रॉन कायमचे निघून जातात. त्या काळातील साधे, म्हणजे धातूची चमक नसलेले रंग बहुधा एकथरी असत; त्यांवर आजच्यासारखा पारदर्शक लेप नसे. त्यामुळे तांबड्या ९११ ला पॉलिश करताना कापड तांबडे होते. नवखा मालक ते पाहून मळ निघाला म्हणून सुखावतो. निघालेला असतो तो रंग. चिंच-मीठ लावून वर्षानुवर्षे घासलेल्या तांब्याच्या भांड्यावरील अक्षरे जशी पुसट होतात, तशीच ही गत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी रंगाची जाडी मोजणाऱ्या उपकरणाने प्रत्येक भागाची नोंद करून ठेवावी. मित्राच्या गाडीच्या डाव्या दाराच्या कडेवर ही नोंद इतर ठिकाणच्या निम्म्याहून कमी निघाली, कारण पूर्वी कोणा कारागिराने चकाकीच्या हव्यासापायी तिथे मशीन जरा जास्त वेळ धरले होते. त्या कडेला आता कोणी मशीन लावायचे नाही, असे त्याने वहीत लिहून ठेवले आहे.

धुण्याची रीत साधी आहे, तिला फक्त धीर लागतो. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. कोरड्या फडक्याने धूळ कधीही झटकू नये. धुळीतील वाळूचे कण रंगाहून कठीण असतात आणि प्रत्येक फटकाऱ्यागणिक बारीक ओरखडे उमटवत जातात. आधी स्वच्छ पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत सौम्य शाम्पू, दुसरीत नुसते पाणी. प्रत्येक वेळी हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. छतापासून खाली येत जावे, सर्वांत मळके भाग शेवटी घ्यावेत आणि तेवढ्यासाठी कापड वेगळे ठेवावे. पुसताना रगडू नये. मऊ मायक्रोफायबरचा पंचा पसरून पाणी टिपून घ्यावे. त्यानंतर दारे आणि झाकणे उघडून सांध्यांतले पाणी काढणे महत्त्वाचे. १९७६ च्या मॉडेलपासून पोर्शेने ९११ साठी दोन्ही बाजूंनी जस्तलेपित पत्रा वापरला, त्यामुळे या गाड्या त्याआधीच्या गाड्यांहून पुष्कळ टिकल्या. पण जस्त म्हणजे अभयदान नव्हे. पुढच्या काचेच्या रबराखाली, बॅटरीच्या तळाशी आणि दारामागच्या खांबाच्या पायथ्याशी आजही गंज सापडतो. पाऊस न लागलेली, केवळ धूळ बसलेली गाडी महिन्यातून तीनदा धुण्याचे काही कारण नाही.

फुक्स कंपनीची पाच पाकळ्यांची चाके ही या गाडीची ओळख. तीच सर्वांत जास्त बिघडवली जातात. त्यांच्या ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंगचा अतिशय पातळ, संरक्षक थर असतो. बाजारातील तीव्र आम्लयुक्त क्लीनरने त्यावर डाग पडतात आणि धातूच्या पॉलिशने तो निघूनच जातो. साधा शाम्पू आणि मऊ ब्रश पुरे.

इंजिनावर दाबाचे पाणी मारू नये, हे सांगूनही लोक मारतात. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनात सिलिंडरांभोवतीच्या पात्यांमधून पंखा हवा ढकलतो. तिथे सुकी पाने वा उंदराचे घरटे अडकले तर इंजिन तापते. म्हणून इथली स्वच्छता डोळ्यांना सुखावण्यासाठी कमी आणि इंजिनाच्या आयुष्यासाठी अधिक करायची असते. मऊ ब्रश, व्हॅक्यूम, किंचित ओले कापड एवढीच साधने. नटबोल्टांवरील पिवळसर मुलामा तारेच्या ब्रशने खरवडला की पुन्हा येत नाही. गाडीच्या पोटाशी कारखान्यात लावलेले मेण असते. ते मळकट दिसले तरी खरवडू नये. पाण्याविना खालचा मळ काढण्यासाठी हल्ली उणे ७८ अंशांच्या कोरड्या बर्फाचे कण फवारतात. कण लगेच वायुरूप होतात, ओल राहत नाही. पद्धत चांगली आहे, पण कारागिराने दाब वाढवला तर मळाबरोबर ते मूळ मेणही जाते.

काय काढायचे आणि काय राहू द्यायचे, हा प्रश्न पुराणवास्तूंच्या बाबतीत जगाने आधीच हाताळला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्युरिन सनद तयार केली. आहे ते टिकवण्याला तीत नव्याने घडवण्याहून वरचे स्थान आहे, आणि वाहनाच्या जबाबदार वापरालाही तीत जागा आहे. मित्राच्या गाडीचे उदाहरण घ्या. पोर्शेची किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला लागते. त्या जागेखालच्या पट्टीवर आधीच्या मालकाच्या किल्लीच्या जुडग्याने तेहतीस वर्षांत एक अर्धचंद्राकार ओरखडा उमटवला आहे. ती पट्टी नवी करून देण्याची तयारी एका दुकानाने दाखवली. मित्राने नकार दिला. त्या म्हाताऱ्याची एवढीच काय ती सही या गाडीवर आहे, असे तो म्हणाला. मला त्याचे म्हणणे पटले, त्याच्या पत्नीला अजून पटलेले नाही.

पण हा हट्ट नळ्या, टायर आणि ब्रेकच्या बाबतीत धरायचा नाही. जीर्ण इंधननळीतून गळलेले पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडले की आग लागते. तिथे अस्सलपणाचा मुलाहिजा ठेवू नये. नवे भाग बसवावेत आणि जुने पुसून, नाव-तारखेची चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावेत. मित्राच्या तळघरात अशी चार खोकी आहेत.

उरतो चालवण्याचा प्रश्न. बरेच मालक हिवाळ्यात महिन्यातून एकदा गाडी जागच्या जागी दहा मिनिटे सुरू ठेवतात आणि कर्तव्य पार पडल्याचे समाधान मानतात. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर ती वाफ सायलेन्सरमध्ये आणि इंजिनच्या तेलात थंडावून राहते. या गाडीत तेल दहा लिटरहून अधिक, तेही वेगळ्या टाकीत. ते तापायला वेळ लागतो. त्यामुळे चालवायची तर तीस-चाळीस किलोमीटर चालवावी, नाहीतर बॅटरीला जपणारा चार्जर लावून शांत झोपू द्यावी. जाता जाता, या गाडीतील तेलाची पातळी इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवर पाहायची असते. थंड इंजिनात काडी कोरडी दिसली म्हणून तेल ओतणारे महाभाग पुढे धूर पाहून घाबरतात.

जागा बदलली की काळजी बदलते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे झाले. जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून तिथे जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचे महागडे पेट्रोल घेणे शहाणपणाचे. आखातात मीठ नाही, पण ऊन डॅशबोर्ड तडकवते आणि बारीक वाळू रंगावर पॉलिश-कागदासारखी घासते.

धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे किंमत थोडी उतरते, हे खरे. मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञाने मित्राला ते स्पष्ट सांगितले होते. त्याने तसा हिशेब मांडला आणि वर्षाला दोन हजार किलोमीटर ठरवले. त्सुफेनहाउझेन येथील पोर्शे संग्रहालयही आपल्या जुन्या गाड्या चालत्या स्थितीत ठेवते आणि त्या रस्त्यावर, शर्यतींच्या स्मरणोत्सवांत उतरवते; तेव्हा आपण संग्रहालयाहून कडक सोवळे का पाळावे, असा त्याचा सवाल आहे.

गेल्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मी त्याच्याबरोबर होतो. जिथे १९६५ पर्यंत शर्यती होत त्या जुन्या झोलिट्यूड वर्तुळाच्या रस्त्याने आम्ही तासभर हिंडलो. परतताना त्याने टाकी काठोकाठ भरली, टायरांतील हवा वाढवली, घरी येऊन गाडी पुसली आणि तिच्यावर हवा खेळती ठेवणारे सुती आच्छादन चढवले. खिडकीतल्या आर्द्रतामापकाचा काटा पन्नासच्या जवळ होता. मग त्याने वही काढली आणि तारखेपुढे लिहिले: ३८,४१२.