बापूजी अणे चांगले की वाईट?

पारावर कधी जुन्या पुढाऱ्यांची गोष्ट निघते. एक म्हातारा म्हणतो, "बापूजी अणे म्हणजे देवमाणूस!" दुसरा म्हणतो, "काऊन बाप्पा, त्यांनीच तर मराठी माणसांत फूट पाडली!" मग आवाज चढतो. ऐकणारा गोंधळतो. खरे कोणाचे मानावे? चला, आपण नीट पाहू या.

माधव श्रीहरी अणे हे यवतमाळ जिल्ह्यातील वणीचे. जन्म १८८० सालचा. ते वकील होते. टिळकांना गुरू मानीत. जुलै १९३० मध्ये त्यांनी आपल्या शेजारच्या पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातले गवत कापले आणि ते तुरुंगात गेले. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

पुढे १९४१ साली तेच अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. पुष्कळांना राग आला. कालचा सत्याग्रही आज साहेबाच्या पंक्तीला कसा? पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी कैदेत उपास मांडला. सरकार त्यांना सोडीना. तेव्हा अण्यांनी राजीनामा दिला. एवढी मोठी जागा त्यांनी सोडून दिली.

आता तिसरी गोष्ट. आपले वाशिम १९५६ सालापर्यंत मध्यप्रदेश राज्यात होते. अकोला जिल्ह्यातला तो एक तालुका होता. वाशिम जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली. त्या काळी मोठा वाद पेटला होता. विदर्भाचे वेगळे राज्य करावे, की सर्व मराठी मुलूख एक करावा?

अणे आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी म्हणत, वेगळे राज्य हवे. मुंबई लांब आहे. तिथे वऱ्हाडच्या कास्तकाराचे कोण ऐकणार? अकोल्याचेच गोपाळराव खेडकर मात्र एकीच्या बाजूचे. भाषा एक, मग घर का दोन? १९५३ साली नागपूर करार झाला, त्यावर त्यांची सही आहे. विदर्भाला लोकसंख्येप्रमाणे पैसा आणि नोकऱ्या मिळाव्या, विधानसभा काही काळ नागपुरास भरावी, असे त्यात ठरले.

१९५५ साली केंद्राच्या आयोगाने वेगळा विदर्भ सुचविला. पण तसे घडले नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. तरी अण्यांनी मत सोडले नाही. १९६२ साली ते नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. १९६८ साली ते वारले.

मग चांगले की वाईट? आम्ही म्हणतो, प्रश्नच चुकला. माणसाची सगळी कामे एका शिक्क्यात मावत नाहीत. एकेक काम घ्यावे आणि तीन गोष्टी विचाराव्या. त्याने काय केले? का केले? त्यात त्याने स्वतःचे काय गमावले? आपल्याला न पटणारे मत असणे म्हणजे गद्दारी नव्हे. अणे आणि खेडकर दोघेही वऱ्हाडचेच भले मागत होते. वाट तेवढी निराळी होती.

आता तुम्हांला वाचता येते. करार कागदावर आहे. त्यातले किती पाळले गेले, हे तुम्हीच वाचा, विचारा. पुढाऱ्यासाठी भांडून शेजारी तोडू नका. मत देताना मात्र हेच तीन प्रश्न आजच्या पुढाऱ्यालाही लावा.